पंपापुढची पिवळी रेघ

या मित्रांनो, जवळ या. माझं इंजिन आत्ताच बंद झालंय, बॉनेट अजून कोमट आहे. हात शेकत बसा. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोड नाही ती. सात वर्षं झाली, तरी आठवली की माझ्या धुराड्यातून काळा धूर निघतो. पण नीट ऐकलीत तर जन्मभर पुरेल.

मी एक जुना डिझेल पिकअप आहे. रंग हिरवा, म्हणजे एके काळी होता. जन्म केंटकीतल्या कारखान्यातला, पण मला माणसांत आणलं ते वायोमिंगच्या डेल हॅल्व्हर्सनने. गुरं-घोडी पाळणारा हा माणूस बोलायचा कमी आणि गायचा जास्त. रविवारी चर्चमध्ये जे भजन म्हणे, तेच उरलेले सहा दिवस माझ्या स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून म्हणे. देवाचं नाव मी पहिल्यांदा डेलच्या तोंडून ऐकलं. शिव्याही त्याच्याच तोंडून ऐकल्या. सूर दोन्हींचा एकच.

माझ्या टाकीचं तोंड अरुंद होतं. मोटारींच्या पंपाची बारीक नळी त्यात जाई, ट्रकांच्या पंपाची जाड नळी जात नसे. आणि मागे घोड्यांचा लांब ट्रेलर जोडला की मोटारींच्या बाजूला मला वळताच येत नसे. एकदा वळताना आम्ही कचऱ्याचे दोन डबे आडवे केले आणि एका आजोबांची टोपी चाकाखाली घेतली. त्या दिवशी घरी येऊन डेलने माझ्या टाकीचं तोंड कापलं आणि रुंद करून परत जोडलं. तेव्हापासून मी अठरा चाकांच्या ट्रकांच्या रांगेत उभा राहू लागलो. ट्रकवाले खिडकीतून विचारायचे, हे वासरू कुणाचं चुकलं रे? डेल म्हणायचा, वासरू नव्हे बाबा, बैल आहे, फक्त पाणी कमी पितो. खरं सांगतो, मागे ओझं नसताना निव्वळ रांग चुकवायला तिथे घुसणारे माझे भाऊबंद मलाही आवडत नाहीत.

त्या रांगांचा एक नियम आहे. पंपाच्या पुढे, एका ट्रकच्या अंतरावर, जमिनीवर जाड पिवळी रेघ असते. डिझेल भरायचं, नळी जागेवर टांगायची आणि गाडी त्या रेघेपर्यंत पुढे न्यायची. मग खुशाल आत जा, पावती घ्या, कॉफी प्या, आंघोळ करा. मागच्याला पंप मोकळा मिळतो. कायद्याच्या कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही. चर्चच्या तळघरात जेवणं असतात, तेव्हा पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, हे तरी कुठे लिहिलंय? डेल म्हणायचा, "पोट भरल्यावर ताटावर बसून राहणारा आणि टाकी भरल्यावर पंपावर उभा राहणारा, दोघं एकाच आईचे."

मी खूप राबलो. गवताच्या गाठी वाहिल्या, वासरं वाहिली, बर्फात रुतलेले शेजारी ओढून काढले. जत्रेत पोरं माझ्या टपावर बसून घोड्यांच्या शर्यती बघायची. मग एका हिवाळ्यात डेल गेला. त्याच वर्षी वसंतात त्याने अडलेल्या घोडीच्या पोटातून स्वतःच्या हातांनी एक शिंगरू ओढून काढलं होतं. त्याचं नाव जुनिपर. डेलच्या हातून जन्मलेलं ते शेवटचं जनावर. डेलची बायको व्हर्ना मला महिनोन् महिने बर्फाखाली विसरून गेली, पण जुनिपरला दाणा घालायला एक दिवस विसरली नाही. मला राग नाही आला. माझा राग मी राखून ठेवलेला होता, तो कुणासाठी ते पुढे कळेल.

जुनिपर नऊ वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. मार्चमधली सकाळ. घोडीने दाणा सोडला, वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघू लागली, मग खाली पडून लोळू लागली. गावच्या ढोरांच्या डॉक्टरने कान लावून ऐकलं आणि सांगितलं की आतड्याला पीळ पडलाय, पोट कापावं लागेल, आणि ते फक्त पश्चिमेकडच्या मोठ्या इस्पितळात होतं. तीन तासांची वाट. तिला उभी ठेवा आणि वाटेत थांबू नका, असं त्याने दोनदा बजावलं. ट्रेलर हलता असला की घोडी तोल सांभाळत उभी राहते. थांबला की खाली बसायला बघते, आणि बसली की लोळते.

आम्ही निघालो. वारा समोरून. वायोमिंगचा वारा समोरून आला की माझ्यासारखा बैल डिझेल पाण्यासारखं पितो. अर्ध्या वाटेतच माझा डिझेल संपत आल्याचा दिवा पेटला. त्या दिव्याची मला आजही लाज वाटते.

महामार्गाकडेला ट्रकांचा थांबा लागला. सहा रांगा. एक बंद, चार तुडुंब. तिसऱ्या रांगेत मात्र पंपावर एकच चकचकीत लाल ट्रक, आणि त्याची नळी टांगलेली. भरून झालं होतं, आता सरकेलच. व्हर्नाने मला त्याच्या मागे घातलं. आमच्या मागे लगेच एक मोठा ट्रक लागला, त्याच्या मागे आणखी दोन.

लाल ट्रक सरकला नाही. त्याच्यात कुणी नव्हतंच.

व्हर्ना धावत आत गेली. गल्ल्यावरच्या पोरीने सांगितलं, ते आंघोळीला गेलेत, चौदा नंबरच्या खोलीत. तिने दोनदा नाव पुकारलं, दार ठोठावलं. आतून उत्तर आलं की पाण्याचे पैसे भरलेत, पाणी संपल्यावर येतो. व्हर्ना परत आली तेव्हा ट्रेलरचा पत्रा धाडधाड वाजत होता. जुनिपर लाथा झाडत होती. मग लाथा थांबल्या, आणि ते जास्त वाईट होतं. पुढची जागा मोकळी, पिवळी रेघ मोकळी, आणि मध्ये तो लाल डोंगर. मित्रांनो, मला हॉर्न आहे, पण तो दाबायला माणसाचा हात लागतो. नाहीतर त्या दिवशी मी पूर्ण वायोमिंग जागं केलं असतं.

मागच्या ट्रकमधून एक उंच, काळा, पांढऱ्या दाढीचा माणूस उतरला. थॅडियस त्याचं नाव, जॉर्जियाचा, आपल्या गावच्या चर्चमध्ये भजनं सांगणारा. त्याने ट्रेलरमध्ये डोकावून पाहिलं आणि काही न विचारता परत जाऊन ट्रकवाले एकमेकांशी बोलतात तो रेडिओ उचलला.

"तिसऱ्या रांगेतल्या भावांनो, इथे एक आजारी घोडी अडकलीय. मागे व्हा. कुरकुर नंतर करा, मीही करीन."

रांगेत ट्रक मागे घेणं म्हणजे काय, ते ट्रकवाल्यालाच ठाऊक. सत्तर फुटांचा देह, मागचं दिसत नाही, वारा ढकलतोय. तरी एकामागून एक तिघे मागे गेले. थॅडियस शेवटी गेला, गुणगुणत. मग व्हर्नाने मला मागे घेतलं. शेजारच्या रांगेतला ज्याचा नंबर होता, त्याने हात करून आम्हाला पुढे जाऊ दिलं.

जाड नळी माझ्या रुंद तोंडात बसली. पण पंप आधी पडद्यावर विचारतो, ट्रक क्रमांक? व्हर्नाने जुनिपरच्या जन्माचं साल ठोकलं. कंपनीचं नाव? तिने 'डेल' लिहिलं. माल गार ठेवणाऱ्या शीतपेटीतही भरायचंय का? ती म्हणाली, जळो तुझी शीतपेटी. दोन मिनिटांत माझी टाकी भरली. त्याच्या आधी पंचवीस मिनिटं गेली होती.

आणि आता तो चौदा नंबरवाला बाहेर आला. ओले केस, तोंडात काडी. झालेलं ऐकून म्हणाला, "एवढी घाई होती तर छोट्या गाड्यांच्या बाजूला जायचं ना, बाई."

थॅडियस बोलला, तेही हळूच. "पोरा, आंघोळ केलीस. स्वच्छ नाही झालास."

व्हर्नाने नळी टांगली. ट्रेलरमधून गुडघे टेकल्याचा आवाज आला. मला वाटलं ती तशीच मागे धावेल. पण तिने आधी मला पुढे नेलं, रेघेपर्यंत, बरोब्बर रेघेपर्यंत. मग उतरली. मला तिचाही राग आला. त्या वेळी कसली रेघ, कसली पंगत? थॅडियसने आणि तिने दोर लावून घोडी उभी केली, आणि आम्ही सुटलो.

इस्पितळात जुनिपरचं पोट उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आतडं काळं पडलंय. अर्धा तास आधी आणली असतीत तर... व्हर्ना जुनिपरच्या मानेवर हात ठेवून बसली, शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. मागे रिकामा ट्रेलर खडखडत होता. त्याच थांब्यावर, रस्त्याच्या परतीच्या बाजूच्या पंपांवर, व्हर्नाने माझी टाकी भरली. दुपार होती, सगळ्या रांगा ओस. मागे कुत्रंसुद्धा नव्हतं. तिने नळी टांगली, मला सुरू केलं, पिवळ्या रेघेपर्यंत नेलं आणि तिथे स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. बऱ्याच वेळाने नाक पुसून स्वतःशीच म्हणाली,

"मागे कुणीतरी असतंच."

मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. त्या ओल्या केसांच्या माणसाला आजही ठाऊक नसेल की त्याच्या पाण्याची किंमत काय होती. तुम्हाला मात्र आता ठाऊक आहे. म्हणून तुमची टाकी भरली, पोट भरलं, पाळी झाली, की एवढंच करा: पुढे सरका. आणि सरकताना, एका श्वासापुरती, जुनिपरची आठवण काढा.