पुजलेली सायकल

शर्यतीला एकोणीस दिवस उरले होते. समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एकाच दिवसात, आणि माझी ही पहिलीच. झोप उडालेली. आज पहाटे एकशेवीस किलोमीटर सायकल मारायची होती. लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत येऊन बघते तर सायकलला झेंडूचा हार, हँडलवर हळदकुंकू. खंडेनवमी! मी साफ विसरले होते.

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही, दर्शना," बाबा म्हणाले. वीस वर्षं गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेला माणूस. या दिवशी त्यांचा साचाही बंद असायचा.

"बाबा, एक दिवस चुकला तर माझं सगळं वेळापत्रक कोसळेल! जाऊ दे, पळायला जाते."

बुटांवरही फुलं होती.

"मग अनवाणी पळेन!" मी ओरडले.

बाबा हळदकुंकवाची वाटी घेऊन खाली वाकले आणि माझ्या उजव्या गुडघ्याला बोट टेकवलं. मी कळवळले. गुडघ्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, कोचलाही नाही.

"आठ दिवस जिना उतरताना कठडा धरतेस," ते म्हणाले. "हेही हत्यारच. आज बंद."