पार्बताबाईंचं स्तोत्र

जीवन सरदारचं पत्र मार्चमध्ये आलं होतं, आणि शांतवन तायड्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र लहानसंच होतं, बायकोबद्दलचं. 'पार्बता आता उठत नाही. तिला स्तोत्र बायबलच्या जुन्या अनुवादातलंच हवं, तेच तिला पाठ आहे. इथल्या चर्चच्या मंडळीत यापुढे फक्त सोपा अनुवाद वाचायचा, असा कमिटीनं ठराव केला. आपल्या मातीला, दफनाच्या वेळीही, तोच वाचतील, याचा तिनं धसका घेतला आहे. सोप्या अनुवादाचे खर्डे तूच तपासलेस. पाळक तुझं ऐकतील. दोन्ही चालतात, एवढ्या दोन ओळी लिहून पाठव.'

दोघं अचलपूरच्या मिशन बोर्डिंगात एकत्र वाढलेले. जीवननं पुढे अमरावतीला राजापेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं. शांतवन अकोल्याला कॉलेजात ग्रंथपाल झाले आणि तिथंच निवृत्त झाले.

दोन ओळी लिहायला शांतवन बसले आणि पानंच्या पानं लिहीत गेले. जुन्या अनुवादाचा ठेका, नव्याची गरज, मूळ भाषा. मग वाटलं, हे सांगणारे आपण कोण? आपलं हिब्रू म्हणजे कोशाची काठी टेकत चालणारं. शिवाय अकोल्यातले जुन्या अनुवादाचे कैवारी भास्करराव हे पत्र झेंड्यासारखं नाचवतील, आणि तपासणीतले सोबती म्हणतील, म्हातारा फिरला. त्यांनी पानं फाडली, पुन्हा लिहिली, पुन्हा फाडली.

मग जीवनच्या मुलीचा, पौर्णिमाचा, फोन आला. "काका, आई गेली. उद्या दुपारी माती."

शांतवन सकाळच्या एसटीनं अमरावतीला गेले.

मातीच्या उपासनेत स्तोत्र आळीपाळीनं वाचायची रीत आहे. एक ओवी पाळक वाचतात, पुढची सगळ्यांनी मिळून म्हणायची. पाळकांनी सोप्या अनुवादातून सुरुवात केली. उत्तर द्यायची वेळ आली तशी पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी जुना अनुवाद तोंडपाठ म्हटला आणि मागच्या तरुणांनी मोबाइलमधून सोपा वाचला. शब्द एकमेकांवर आदळले. पुढच्या उत्तराला म्हाताऱ्यांनी आवाज चढवला, तरुणांनी त्याहून चढवला. त्यापुढे पाळकही ओरडून वाचू लागले. शववाहिकेचा ड्रायव्हर दारातून डोकावून गेला. शवपेटीपाशी उभ्या जीवननं तेवढ्यात आपलं पुस्तक मिटलं.

शांतवन मधल्या बाकावर होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. जीवननं ते पाहिलं.

कबरस्तानाच्या फाटकाशी त्यानं गाठलं.

"काहून रे शांतवन, दोन ओळी जड झाल्या तुले?"

"लिहून राहिलो होतो रे. मनासारखं उतरत नव्हतं."

"तुह्या मनासारखं! मरून राहिली होती ती, आन् तू शुद्धलेखन करत बसला." जीवननं चपलेची माती फाटकावर झटकली. "पाळक काय म्हणाले, माहीत हाये? 'तायडे सरांनी लेखी देल्लं असतं, तर कमिटीपुढं ठेवलं असतं, मले बी आधार झाला असता.' तेई भेकडच. पन तुले तर समजत होतं."

शांतवनांनी तोंड उघडलं.

"आता नको बोलू. जाय, तुही गाडी चुकन."

महिन्यानं भास्करराव अकोल्याच्या घरी आले, हातात निवेदन. "सर, पाहा, सोप्यावाल्यांनी एका बाईले मातीतबी सुखानं जाऊ देल्लं नाही. करा सही."

"तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"नाही बा. कोन्त्या गावच्या होत्या?"

शांतवनांनी निवेदन परत दिलं. भास्करराव दारातूनच म्हणाले, "म्हंजे तुमीबी त्याइचेच!"

त्याच आठवड्यात पौर्णिमाचा पुन्हा फोन आला. "काका, आईच्या कबरीच्या दगडावरचं वचनबी सोप्यातलंच पाह्यजे म्हणते कमिटी. बाबा म्हणाले, मंग कोराच राहू दे. तुमाले सांग म्हटलं नाही त्याइनं. मीच सांगून राहिली."

फोन ठेवून शांतवन टेबलाशी बसले. कोश हाताशी होता, उघडला नाही.

'मी सोप्या अनुवादाचे खर्डे तपासले आहेत. पार्बताबाईंना पाठ होतं ते स्तोत्र त्यांच्या दगडावर त्यांच्याच शब्दांत कोरू द्यावं. त्यानं सोप्या अनुवादाचं काही बिघडत नाही.' खाली पूर्ण नाव.

वाचून पाहिलं. अक्षर वाकडं आलं होतं, आणि 'बिघडत नाही' हे फारच साधं वाटत होतं. भास्करराव हे नाचवणार, सोबती तोंड फिरवणार, कमिटी कदाचित उघडणारही नाही. आणि ज्या कानांसाठी हे हवं होतं, ते आता मातीखाली होते. दुसरा कागद घ्यावा म्हणून हात खणाकडे गेला. त्यांनी खण लोटला.

एक प्रत कमिटीला, एक जीवनला. जीवनच्या प्रतीखाली त्यांनी लिहिलं, 'तुझ्या मार्चच्या पत्राचं उत्तर.' क्षमा मागणारी ओळ सुचली होती, पण तीही आपल्याच मनासारखी झाली असती.

पोस्टाच्या पेटीपाशी त्यांनी पाकिटं एकदा उलटसुलट पाहिली, आणि दोन्ही आत टाकली.