सरेंडर आणि दुसरा ब्रेक

हात खाली घ्या. मी पोलीस नाही, नुसता शब्द आहे. सरेंडर म्हणतात मला. जन्माने इंग्रज, पण तुमच्या तोंडात राहून राहून इतका घरचा झालोय की आता मूळ गावी गेलो तर तिथे मला कोणी ओळखायचं नाही.

माझं लहानपण वकिलांच्या कागदांत गेलं. कोणाला जमिनीवरचा हक्क सोडायचा असला की मला लिहायचे. पुढे फौजेने मला उचललं आणि माझा थाट वाढला. किल्ल्याचे दरवाजे उघडायचे, सेनापती कमरेची तलवार काढून द्यायचे. शब्दकोशवाल्यांनी माझ्यापुढे शरण जाणे, स्वाधीन करणे, ताबा सोडणे एवढं लिहिलं आणि ते मोकळे झाले.

तुमच्याकडे आल्यावर मात्र माझी पार रया गेली. विम्याची पॉलिसी सरेंडर, फोनचं कनेक्शन सरेंडर, उरलेली रजा सरेंडर. चार मित्रांत बसलेला नवरा म्हणतो, "आपण बुवा घरी सरेंडर," आणि सगळे खो खो हसतात. हाच गृहस्थ घरी गेल्यावर टीव्हीचा रिमोट उशीखाली घेऊन बसतो. खरं सांगायचं तर मला मनापासून वापरलेलं मी एकदाच पाहिलंय, आणि तेही मी एका फॉर्मवर छापलेला असताना.

तो फॉर्म होता मास्तरांच्या फ्रिजवर, चुंबकाखाली लटकवलेला. मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. चाळीस वर्षं शिकवली. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की मास्तर तो दाबतात. या दुसऱ्या ब्रेकवर मास्तरांचा भारी जीव. ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं, पण तो ब्रेक काढला नाही आणि तीच गाडी घरी वापरायला ठेवली.

शेजारी बसायच्या काकू, म्हणजे मास्तरांची बायको. "त्या पेडलला पाय लागता कामा नये," ही त्यांना लग्नापासूनची ताकीद. त्या बिचाऱ्या चाळीस वर्षं पाय आखडून, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. अर्ध्या गावाला गाडी शिकवणाऱ्या या माणसाने बायकोला काही शिकवलं नाही. "तुला जमायचं नाही," म्हटलं की विषय संपायचा.

मग मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, समोरचं दिसेल, कडेचं दिसणार नाही, गाडी बंद करा. मास्तर म्हणाले, "गाडी समोरच जाते. कडेने कुठे जाते?" नंतर गेटच्या खांबाला गाडी तीनदा घासली. तिन्ही वेळा चूक खांबाची निघाली.

आणि मग एका सकाळी ते घडलं. मला ते घरातल्या भांडणांतून इतक्यांदा ऐकावं लागलं की आता पाठ झालंय. शाळेजवळच्या वळणावर कडेच्या रस्त्याने सायकलवर एक मुलगी आली. मास्तरांना ती दिसलीच नाही. काकूंना दिसली. त्यांनी आखडलेला पाय लांब केला आणि पेडल दाबलं. गाडी सायकलपासून हातभर अंतरावर थांबली. मुलगी रागाने बघून निघून गेली. आणि मास्तर काय बोलले, तर, "पेडलला पाय कसा लावलास तू?"

संध्याकाळी लेक फॉर्म घेऊन आली.

"बाबा, लायसन्स सरेंडर करा."

"सरेंडर दरोडेखोर होतात. मी काय गुन्हा केलाय?"

"तो व्हायच्या आधीच म्हणतेय मी."

मास्तर ताडकन उठून आत गेले. फॉर्म फ्रिजवर गेला आणि गाडीची किल्ली काकूंनी साखरेच्या डब्यात पुरली. मास्तरांना तो डबा उघडायची डॉक्टरांनीच बंदी केली होती. पठ्ठ्या महिनाभर सगळं घर धुंडाळत होता. किल्ली सापडली असती तर पुन्हा त्याच वळणावर गेला असता, आणि दर वेळी ब्रेक दाबायला काकू थोड्याच शेजारी असणार होत्या? मला तर धास्तीच बसली होती.

शेवटी काकूच म्हणाल्या, "मी शिकते गाडी. समोरच्या स्कूलात उद्या नाव घालते."

"त्याच्याकडे?" मास्तर कळवळले. "अगं, त्याला रिव्हर्स शिकवताना माझे दोन महिने गेलेत."

"मग तुम्ही शिकवा."

बासष्टाव्या वर्षी काकूंची शिकवणी सुरू झाली, मोकळ्या मैदानात. गाडी दहा पावलं जायची की मास्तर दुसरा ब्रेक दाबायचे. पुढे ना माणूस ना कुत्रं. काकू घरी येऊन मानेला शेक घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मी गाडी शिकतेय की धक्के खायला?" मास्तर म्हणायचे, पायाला सवय आहे. पण काकू चिवट निघाल्या.

परीक्षेच्या दिवशी आरटीओच्या मैदानात काकूंच्या शेजारी परीक्षक बसले. मास्तर कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते. परीक्षकांनी एकदाही ब्रेकला पाय लावला नाही. काकू पास झाल्या. मास्तर पुढच्या खिडकीपाशी गेले आणि खिशातून लायसन्सचं कार्ड आणि माझा फॉर्म काढला. फ्रिजवरून कधी काढला होता, देव जाणे.

"सरेंडर ना?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"हो."

धप्पकन शिक्का बसला. बाईंनी पावती दिली, तिच्यावरही माझंच नाव. मास्तरांनी मला घडी करून शर्टाच्या खिशात घातलं. मी म्हटलं, झालं, आणखी एक कार्ड गेलं. कार्ड काय, कोणीही देतो.

घरी येताना काकू चालवत होत्या आणि मास्तरांचा पाय दुसऱ्या ब्रेकवर होता, सवयीने. शाळेजवळचं ते वळण आलं. मास्तरांचा श्वास अडकला, खिशात मला कळलं. पाय पेडल दाबायच्या बेतात होता. त्यांनी मान पार वळवून कडेचा रस्ता बघायचा प्रयत्न केला, मग काकूंच्या तोंडाकडे बघितलं. काकू आरशात बघत होत्या. मास्तरांनी पाय पेडलवरून उचलला, मागे ओढला, दुसरा पायही आखडला आणि गुडघ्याला गुडघा लावून बसले.

काकूंनी वेग कमी केला, थांबल्या, कडेने येणारी सायकल जाऊ दिली आणि वळण घेतलं. समोर बघत म्हणाल्या, "पाय पसरून बसा की. मी चाळीस वर्षं आखडले, गुडघे गेले माझे."

मास्तरांनी पेडल चुकवून पाय सैल केले. मग म्हणाले, "घरी गेल्यावर चोळून देतो."

त्या गाडीत माझं नाव कोणी घेतलं नाही. पण तलवारी आणि किल्ले बघितलेला मी, त्या खिशात बसून गहिवरलो. लाज कसली त्यात.

पुढे मास्तर पावती खिशातून काढायला विसरले आणि शर्ट धुण्यात गेला. आता मी एक पांढरा लगदा आहे, दोरीवर, खिशाच्या कोपऱ्यात चिकटून. तेव्हा अक्षरं पुसायच्या आत एवढंच सांगतो. रिमोट उशीखाली ठेवून माझं नाव घेऊ नका. आधी पेडलवरचा पाय काढा. मग माझं नाव नाही घेतलंत तरी चालेल.