भेवाची जागा

रुख्मिणीला भेव कुठंही गाठायचं. शिरपूरजवळच्या वावरात सोयाबीन सोंगताना, पोळ्या लाटताना, भर दुपारी अंगणात. पोटातून काहीतरी वर चढायचं, मग पाठीमागे कोणीतरी उभं आहे अशी खात्रीच व्हायची आणि ती जागच्या जागी गोठायची. घरच्यांनी बाहेरची बाधा समजून उतारे टाकले, गंडे बांधले. भेव हटलं नाही.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही मिरगीच आहे, फिटचाच झटका, फक्त भीतीचं रूप घेऊन येतो. तो नेमका कुठून उठतो ते शोधायला त्यांनी तिच्या कवटीला बारीक भोकं पाडून केसासारख्या तारा मेंदूत सोडल्या. तारा तिथली वीज टिपत, पाझरणारी रसायनंही टिपत. मग झटका यावा म्हणून चालू असलेली औषधं थांबवली. ज्या भेवापासून ती पळत आली होती, त्याचीच आता खाटेवर पडून वाट पाहायची होती.

ते आलं तेव्हा तिनं नवऱ्याच्या, पवनच्या, मनगटात नखं रुतवली. "माया मांगं कोन उभं हाये, पाहा ना."

मागे नुसती भिंत होती.

नंतर डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा पडदा दाखवला. तिला काही जाणवायच्या आधीच रेघ उसळली होती, रसायन चढलं होतं. भेव आतूनच उठत होतं. ती जागा जाळता येईल, बाई म्हणाल्या, पण खरी भीतीही तिथूनच उठते. तीही बोथट होऊ शकते.

रुख्मिणीच्या छातीत धडधडू लागलं. पडद्यावर या वेळी झटक्याची खूण नव्हती.

"मंग हे भेव कायचं?"

"हे तुमचं स्वतःचं आहे, ताई."

पण झटक्यांना ती थकली होती. तिनं हो म्हटलं.

ती जागा जाळली आणि झटके थांबले. घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. मग एका सकाळी त्यांची चार वर्षांची लेक संस्कृती कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर बसून आत वाकलेली पवनला दिसली. रुख्मिणी जवळच होती. ती चालत गेली, नेहमीच्या चालीनं, आणि पोरीचा हात धरून तिला मागे घेऊन आली. पवननं पोरीला उचलून घेतलं.

"तू पयाली काहून नाई?"

तिनं छातीवर हात ठेवून पाहिला. "लेकरू पडन, हे मले समजलं होतं. पन आतून काईच उठलं नाई."

पवननं त्याच दिवशी विहिरीभोवती बाभळीचे काटे रचले. रुख्मिणीनं स्वतःला सवय लावली: पोरगी नजरेआड झाली की धावत सुटायचं, भेव वाटो न वाटो. किती घाबरते ही पोरीसाठी, असं शेजारणी म्हणत. पवन ते ऐकायचा आणि विहिरीभोवतीचे काटे पुन्हा नीट रचायचा.