पावडर बसेना

या विश्वातले डोंगर, दगड, दात आणि दाराच्या कड्या एकसंध उभ्या आहेत त्या केवळ विद्युतभारांच्या परस्पर ओढीमुळे. असं माझी वहिनी म्हणते, आणि ती भौतिकशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली असल्यामुळे आमच्या घरात हे मत अंतिम मानलं जातं. त्या मंगळवारी मात्र तिच्याच वर्कशॉपमध्ये लोखंडी खाटेवर चिमूटभर पावडर टिकत नव्हती.

वहिनी आणि दादा लोखंडी सामानाला पावडर कोटिंग करून देतात. यात ओला रंग नाही. पिठासारखी कोरडी, रंगीत पावडर गनमधून उडवायची. गन प्रत्येक कणाला विजेचा भार देते, कण जाऊन लोखंडाला बिलगतात, मग ते लोखंड भट्टीत घातलं की पावडर वितळून रंगाचं कातडं होतं. दुपारी एका मोठ्या रुग्णालयाचे खरेदी अधिकारी नमुन्याची खाट बघायला येणार होते; असेच नमुने ते आणखी दोन वर्कशॉपमध्येही बघणार होते. खाटांचं काम मिळालं तर वर्कशॉप चालू राहणार. नाही मिळालं तर वर्कशॉपला कुलूप, आणि दादाने वहिनीच्या भावाच्या फरशीच्या दुकानात काउंटरवर बसायचं, असं ठरलं होतं. दादाचा फरशीवर राग नव्हता. मेहुण्यावर होता.

वहिनी मुलीच्या शाळेत पालकसभेला गेली होती. मला दादाने बोलावलं होतं ते वर्कशॉपमध्ये माणसं जास्त दिसावीत म्हणून. मी जास्त दिसण्याचं काम चोख करत होतो.

गन चालवणाऱ्याला सगळे नेमबाज म्हणतात. त्याने टांगलेल्या खाटेवर नेम धरला. पहिला पातळ थर बसला, आणि नंतरची पावडर खाटेपर्यंत जाऊन, बोलावणं नसताना लग्नाला गेलेल्या माणसासारखी परत फिरली. ती नेमबाजाच्याच अंगावर बसू लागली. दादाचं म्हणणं पडलं की पावडर शिळी आहे. नेमबाजाने गनवर संशय घेतला. मी हवेला दोष दिला, कारण हवा उलटून बोलत नाही.

"जवळून मार," दादा शेवटी म्हणाला. नेमबाजाने गन पार खाटेच्या नाकाशी नेली. खाटेने होता तोही थर झटकायला सुरुवात केली. नेमबाज भुवयांपर्यंत पिस्ता रंगाचा झाला, आणि रंग इतका एकसारखा बसला होता, की खाटेऐवजी त्यालाच नमुना म्हणून दाखवावा असं मी सुचवलं. कोणी हसलं नाही. दादाने वैतागून खाटेला हात लावला, टचकन ठिणगी उडाली आणि तो दोन पावलं मागे आला.

नेमकी तेव्हा वहिनी दारात उभी होती.  तिने पर्स खुंटीला अडकवली, खाटेकडे पाहिलं, मग नजर वर नेली. खाट ज्या लोखंडी हुकांवर टांगली होती ते काळेभोर चमकत होते.

"हूक कोणी रंगवले?"

"मी," दादा म्हणाला. "काल. पाहुणे यायचे, आणि हे आपले गंजके, खरवडलेले. छान दिसतात ना?"

"दिसतात की. कशाने रंगवले?"

"ब्रशने," दादा जरा खालच्या आवाजात म्हणाला. "ऑइलपेंट."

वहिनीने कपाळाला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. तिच्या जागी माझी बायको असती तर मी आजही तो पाढा ऐकत असतो. वहिनीने कानस उचलली आणि हूक घासायला लागली. घासता घासता तिने जे सांगितलं, ते मी शाळेत बाकावर बसून कधी समजून घेतलं नव्हतं. कणांवर सगळा एकाच जातीचा भार असतो. म्हणून ते एकमेकांना ढकलत ढग होऊन पसरतात, गठ्ठा होत नाही. लोखंड हुकांवाटे जमिनीला जोडलेलं असतं, म्हणून आलेला भार जमिनीत निघून जातो आणि लोखंड पुढच्या कणांना ओढत राहतं. हुकाला रंग लागला की वाट बंद. मग भार खाटेवरच साचतो, आणि तीच जात असल्यामुळे खाट नव्या कणांना हाकलते.

"पण मी जवळून मारायला सांगितलं," दादा म्हणाला. "अंतर अर्धं केलं की जोर चौपट होतो, हे तूच सांगितलंस."

"होतो ना. ओढण्याचाही आणि ढकलण्याचाही. तुम्ही ढकलण्याचा चौपट केलात, अहो."

दादाने दुसरी कानस घेतली. मीही घेतली, कारण आता जास्त दिसून भागणार नव्हतं.

अधिकारी आले तेव्हा हूक पुन्हा पहिल्यासारखे ओंगळ झाले होते. वहिनीने गन स्वतः हातात घेतली. पावडरचा ढग शांतपणे पुढे गेला, खाटेचे पाइप जवळ येताच वळला, आणि गन जिथे पोचतच नव्हती त्या मागच्या बाजूलाही जाऊन बसला. एकही कण मागे आला नाही. डोळ्यांना न दिसणारी एक ओढ त्या बाईच्या मनगटाचं ऐकत होती, इतकंच मला समजलं. आणि नेमबाज, जो रोज हेच करतो, तोही तोंड उघडं टाकून बघत होता. भट्टीतून खाट निघाली ती अशी, की रुग्ण बरा झाला तरी उठायला कुरकुर करेल. अधिकाऱ्यांनी खाटेखाली वाकून मागच्या बाजूवरून बोट फिरवलं, वहिनीला भारांबद्दल दोन प्रश्न विचारले आणि मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात काम आम्हालाच मिळालं. बाकीच्या दोन वर्कशॉपच्या गल्लीत रुग्णालयाचा ट्रक शिरत नव्हता.