देठासकट

प्राचीनं पानाचा द्रोण बाईंच्या टेबलावर अलगद ठेवला. आत जास्वंदीची फुलं होती, नुसती फुलं. मागच्या रांगेतल्या साऱ्यांनीही तशीच आणली होती. श्रीवर्धनच्या त्या शाळेत जणू कुणी सत्यनारायण घातला होता.

"अरे, देठ कुठं गेले?" सोनलबाईंनी विचारलं.

"देवाला देठ कशाला, बाई?" प्राची म्हणाली.

बाईंना हसू फुटलं. मुंबईला जाऊन जपानी पुष्परचना शिकल्या, पण एवढं साधं काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"हे देवासाठी नाही. उद्या फांदी आणा. पानं ओरबाडू नका. झाड वाढतं तसंच बशीत दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी वर्गात अख्खा झाडोरा अवतरला. केळीच्या खुंटाचे तुकडे बशीत ठेवून मुलं त्यात फांद्या खोचत होती. मुंग्या वह्यांवर चढल्या. गप्प बसा असं कुणी म्हणालं नव्हतं, तरी सगळे गप्पच होते. प्राची आपल्या फांदीकडे बघत राहिली. बघता बघता तिला वाटलं, आपण वाडीतच आहोत, पोफळी डुलतायत आणि वर शेंड्याला कुठंतरी बाबा आहे.

तिचा बाबा, काळूराम, सुपारी उतरवताना पोफळीवरून पडला, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून निजून होता. मनावर घेतलं तर उठून बसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यानं मनावरच घेतलं नव्हतं. वाडीचं नाव काढलं की डोळे मिटून घ्यायचा. बाबा आता असाच राहणार, या धास्तीनं प्राचीला जेवण जायचं नाही.

तिनं बशी जपून घरी नेली आणि त्याच्या उशाशी, भिंतीला लागून ठेवली. दुसरीकडे ठेवली असती तर त्याला दिसलीच नसती.

काळूराम बराच वेळ बघत होता. मग पांघरुणातून हात काढून त्यानं खालचं एक पान चाचपलं.

"कुंपणाकडची ना गो ही?"

"व्हय."

"पान पिवळं पडलंय."

"बाई म्हणाल्या, तोडू नका. हाय तसं ऱ्हाऊ दे."

"तसं न्हाय. तिकडं पाणी पोचत न्हाय. पाट कोण सोडतंय?"

"आई."

"तिला उतार कळत न्हाय," तो पुटपुटला. फांदीवरची मुंगी त्याच्या बोटावर आली, ती त्यानं झटकली नाही. "प्राची, मला जरा बसव."

तिनं त्याच्या पाठीखाली हात घातले. तिच्या एकटीच्यानं तो उचलेना. मग तिनं आईला हाक मारली, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या वेणूबाईही धावत आल्या.