धोंडीरामांच्या गोळ्यांचा डबा

मित्रांनो, मी औषधांचा डबा आहे. पत्र्याचा, जुना, एका कोपऱ्यात चेपलेला. दुकानाच्या फळीवर मी कधीच बसलो नाही. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये धोंडीराम पत्रा कापायचे. १९९३ साली जेवणाच्या सुट्टीत त्यांनी उरलेल्या तुकड्यांतून मला घडवलं. कडा दुमडल्या, बिजागरी ठोकली, आणि कुठे धार राहिली नाही ना, हे आपलाच अंगठा फिरवून पाहिलं.

त्यांच्या पत्नी सुलाबाई शिवणकाम करायच्या. सहा वर्षं माझ्या पोटात बटणं आणि हुक खुळखुळत होते. मला वाटायचं, आपला जन्म असाच आवाज करण्यात जाणार.

मग १९९९ च्या उन्हाळ्यात धोंडीराम काम करता करता खाली बसले. "छातीत पाखरू अडकल्यावानी होतंय," ते म्हणाले. डॉक्टरांनी यंत्र लावलं, कागदाची लांब पट्टी पाहिली आणि सांगितलं की हृदयाचे ठोके ताल सोडून धावतात. त्यांनी डिगॉक्सिन नावाची बारीक पांढरी गोळी दिली. पाच दिवस घ्यायची, शनिवार-रविवार नाही. "गोळीला दोन दिवस सुट्टी! आम्हाला कंपनीत एकच मिळती," धोंडीराम हसून म्हणाले. बटणं पिशवीत गेली आणि मी औषधांचा झालो.

काम सुटल्यावर दुपारी ते खाटेवर पडले की मी त्यांच्या उशाशी असायचो. पत्र्याला बारीक ऐकू येतं. खाटेच्या लाकडातून त्यांचे ठोके माझ्यापर्यंत यायचे, आणि ते ऐकत मलाही डुलकी लागायची. अशा कितीतरी दुपारी गेल्या.

२००४ साली पुतण्याच्या लग्नाला ते दोघं विंचूरला गेले. बॅगेत जागा नव्हती, म्हणून चार गोळ्या कागदात बांधून घेतल्या आणि मला घरीच ठेवलं. लग्नात पाखरू पुन्हा फडफडलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी कोणती औषधं चालू आहेत?" धोंडीरामांना नाव आठवेना. लग्नघरात आपलं दुखणं वाढवायला नको, म्हणून ते म्हणाले, "इशेष काय नाय, ताकदीची एक गोळी हाय." हे सारं मला नंतर कळलं. मला एवढंच दिसलं, की परत आल्यावर सुलाबाईंनी माझ्या पोटात गोळ्यांची एक नवी पट्टी ठेवली. तिच्यावर ॲमिओडॅरोन असं नाव होतं.

दोन्ही औषधं माझ्या पोटात शेजारी शेजारी शांत पडून होती. भांडण नाही, तंटा नाही. मला कसं कळावं?

आधी धोंडीरामांची भूक गेली. सुलाबाईंना वाटलं, पित्त झालं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते भिंतीकडे बघत म्हणाले, "सुले, भिंतीला पिवळा रंग कवा दिला?"

"पांढरीच हाय की वो."

"नाय गं. हळद लावल्यावानी दिसती."

मग त्यांना सगळंच तसं दिसू लागलं. भात पिवळा, दूध पिवळं. दिव्याभोवती चंद्राला पडतं तसं खळं. दारातून दूर दिसणारा त्रिरश्मी लेण्यांचा डोंगर तर सोन्याचा झाला होता. ते तासन् तास त्याच्याकडे बघत बसायचे. "लय गोड दिसतंय," म्हणायचे आणि हलकेच डोळे मिटायचे. त्यांना भीती वाटत नव्हती, हीच भीतीची गोष्ट होती. कारण उशाशी पडून मला त्यांचे ठोके ऐकू येत होते. एक ठोका यायचा, मग मोठी पोकळी. पुढचा येईल ना, म्हणून मी वाट बघायचो. पण डब्याला कोण विचारतो?

रविवारी त्यांची लेक राखी भेटायला आली. ती पोस्टात कारकून होती. तिला दारात पाहून धोंडीराम म्हणाले, "पिवळी साडी शोभती गं तुला."

राखीची साडी पांढरी होती. जवळ बसून तिने बापाचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "आई, मिनिटाला चाळीससुद्धा भरत नाहीत. रिक्षा बोलाव. आणि डबा घे. अख्खा डबा!"

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर उपडं केलं. दोन्ही पट्ट्या हातात घेऊन त्यांनी तारखा विचारल्या.

"औषध खोटं होतं का हो?" सुलाबाईंनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"नाही मावशी, दोन्ही चांगली आहेत. पण नवी गोळी जुनीला अंगातून बाहेर पडू देत नाही. जुनी साठत गेली आणि तिचं विष झालं. नवी सुरू करताना जुनी निम्मी करायची असते. पण त्या डॉक्टरांना जुनी ठाऊक असेल तर ना!"

धोंडीरामांनी मान खाली घातली. त्यांना भरती करून घेतलं, जुनी गोळी बंद केली. मी तिथेच खिडकीत बसून होतो. आठवड्याने घरी आल्यावर भिंत पुन्हा पांढरी झाली. ते बराच वेळ तिच्यावर हात फिरवत राहिले. "जरा चुकल्याचुकल्यावानी वाटतंय," ते हळूच म्हणाले आणि सुलाबाईंनी पोटभर रडून घेतलं.

सुलाबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. आजवर त्या गोळ्या रंगावरून ओळखायच्या. त्या आठवड्यात त्यांनी राखीकडून अक्षरं गिरवून घेतली आणि खिळ्याने माझ्या झाकणावर औषधाचं नाव कोरलं. फार टोचलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

पुढच्या वर्षी धोंडीरामांना खोकला झाला. नवे डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते. सुलाबाईंनी मला मांडीवर घेतलं आणि झाकणावर बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, मोठ्याने वाचलं, "ॲ... मि... ओ... डॅ... रोन."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी लिहिलेली एक ओळ खोडली. "बरं झालं सांगितलंत. हे त्याच्यासोबत चालत नाही. दुसरं देतो."

मित्रांनो, आता मला गंज चढला आहे आणि बिजागरी करकरते. तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा डबा असेल. आजी-आजोबा दवाखान्यात निघाले की त्याला घरी ठेवू नका. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या पोटात काय आहे, ते तुम्ही वाचून दाखवा.